समुद्र कोणता, हे नंतर विचारा

परवा संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाची मुलगी घरी आली. हातात वहीचं एक पान होतं. पानाच्या मधोमध पट्टीनं ओढलेली उभी रेघ. डावीकडे लिहिलं होतं 'हिताधू' आणि उजवीकडे 'सलाला'. खाली ओळीनं पगार, घर, करार किती वर्षांचा, विमानाचं तिकीट कोण देणार, सुट्टी किती, शिकवायचं कोणत्या भाषेत, असं सगळं नीट मांडलेलं. पोरगी एम.एस्सी. बी.एड. आहे. तक्ता केल्याशिवाय तिचं डोकं चालत नाही.

"मोठेबाबा, शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. तुम्ही सांगा ना, कोणतं घेऊ?"

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए. मराठी माध्यमातून केलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पस्तिशीत, शिक्षकांच्या अधिवेशनाला मुंबईला गेलो तेव्हा, गिरगाव चौपाटीवर, तोही रात्री. अशा माणसाला ही मुलगी विचारते की दोन समुद्रांतला कोणता चांगला! आधी हसू आलं. मग राग आला. राग कशाचा, ते पुढं सांगतो. आधी ही दोन गावं कोणती ते सांगायला हवं, कारण मलाही नकाशा काढूनच बघावी लागली.

हिताधू मालदीवमध्ये आहे, अगदी दक्षिण टोकाला, अड्डू नावाच्या बेटांच्या पुंजक्यात. विषुववृत्त ओलांडून पलीकडं. जवळच्याच गान बेटावर इंग्रजांचा विमानतळ होता, तो त्यांनी १९७६ मध्ये सोडला. तिथली शाळा सरकारी आणि मुलं तिथल्याच कोळ्यांची, दुकानदारांची, हॉटेलात कामाला जाणाऱ्यांची. घरी ती धिवेही बोलतात. ती भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात. शाळेत मात्र विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकतात आणि शेवटी केंब्रिजच्या परीक्षेला बसतात.

सलाला ओमानमध्ये आहे, धोफार प्रांतात, अरबी समुद्राच्या काठी. वाळवंटाच्या देशात असूनही जून ते सप्टेंबर तिथं रिमझिम पाऊस पडतो आणि डोंगर हिरवे होतात. त्या मोसमाला तिथले लोक 'खरीफ' म्हणतात. आमच्याकडे खरीप म्हणजे धान. शब्द एकच, इकडे त्याला रोवणीचा चिखल लागलेला, एवढाच फरक. सलालाची शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, सीबीएसईची. मुलं तिकडे नोकरीधंद्याला गेलेल्या आपल्याच लोकांची.

दोन्हीकडं शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी शाळा. दोन्हीकडचा पगार इथं तिला मिळतं त्याच्या कितीतरी पट.

आता गावानं काय सल्ले दिले ते ऐका. ब्रह्मपुरी हे शिक्षणाचं गाव. पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातली मुलं इथं शिकायला येतात, गल्लोगल्ली खोल्या घेऊन राहतात. त्यामुळं इथं प्रत्येकाला शिक्षणातलं कळतं. शेजारी म्हणाले, "मास्तर, दोन्हीकडं पाणीच आहे ना गा? जिथं पैसा जास्त तिथं पाठवा." तिच्या आईला सुनामीची धास्ती. २००४ ची चित्रं तिच्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. मी म्हटलं, बाई, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्दचं पाणी सुटलं आणि वैनगंगा आपल्याच तालुक्यातल्या गावांत शिरली, तेव्हा कोणता समुद्र होता? तर ती म्हणाली, "ती नदी आपली आहे." यावर काय बोलणार!

आणि तिसरा सल्ला आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावरचा. "परदेशात कशाला? आपल्या गडचिरोलीत शाळांना शिक्षक नाहीत. सेवाभाव म्हणून काही राहिलाच नाही या पिढीत. हेमलकशाकडे बघा." हा सल्ला देणाऱ्यांत मी होतो. तो राग हाच. पोरीच्या पानावर मी बोट ठेवून म्हणालो, "इथं तिसरा रकाना का नाही? भामरागड का नाही लिहिलं?"

ती काही बोलली नाही. पट्टी मागितली, आणखी एक रेघ ओढली, वर 'भामरागड' लिहिलं आणि एकेक ओळ भरत गेली. पगार: ठाऊक नाही. घर: नाही. करार: जागा निघेल तेव्हा. तिकीट: प्रश्न नाही. सुट्टी: सुट्टीचे पैसे नाहीत. शिकवायची भाषा: मराठी, मुलांची माडिया. मग पान माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "आता तुम्ही सांगा, मोठेबाबा."

गेले चार दिवस ते पान माझ्या टेबलावर आहे. त्यावरून मला जे कळलं ते लिहितो. पुष्कळांना आवडणार नाही, माझ्या कट्ट्यावरच्या मित्रांना तर नाहीच.

पहिली गोष्ट. ही मुलगी घरी बसलेली नाही. सहा वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास तितके पैसे. दिवाळीला तास नाही, पैसे नाहीत. उन्हाळ्यात तास नाही, पैसे नाहीत. निवडणुकीसाठी शाळा ताब्यात गेली, तास नाही. प्रयोगशाळा लावणं, वह्या तपासणं, आजारी मुलाच्या घरी जाणं, हे तासात धरत नाहीत. आणि झालेल्या तासांचे पैसेही कधी चार महिन्यांनी, कधी वर्षाच्या शेवटी. तिच्या हातात महिन्याला सरासरी जे पडतं त्यापेक्षा धानाच्या रोवणीला जाणारी बाई मोसमात जास्त मिळवते, आणि तिची मजुरी संध्याकाळी हातात असते.

बरं, तिनं प्रयत्न केले नाहीत असंही नाही. शिक्षक भरतीसाठी सरकारनं २०१७ मध्ये 'पवित्र' नावाचं पोर्टल काढलं. त्यासाठीची अभियोग्यता चाचणी त्याच वर्षी डिसेंबरात झाली. पुढची चाचणी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये! पाच वर्षं. बी.एड. झालेल्या पोरीच्या आयुष्यातली पाच वर्षं म्हणजे काय, हे मुलीचं लग्न जमवणाऱ्या कोणत्याही घराला विचारा. तिनं २०२३ ची चाचणी दिली, २०२५ ची दिली. गुण बरे होते. तिच्या विषयाच्या, तिच्या प्रवर्गाच्या जागा मोजक्या. राहिली.

दुसरी गोष्ट, जी मला चार दिवस झोपू देत नाही. २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर काम करायचं, मग नियमित. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला तेव्हा महिना ३,००० रुपये. पुढं ६,००० झाले. ते थेट २०२३ पर्यंत! २०२३ मध्ये प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० असे केले. वाढ झाली, नाही म्हणत नाही. पण त्याच २०२३ च्या जुलैमध्ये दुसरा शासन निर्णय निघाला. जिल्हा परिषदेच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी नेमायचं, वयाच्या सत्तरीपर्यंत, महिना २०,००० रुपयांवर.

शांतपणे वाचा. ज्याला पेन्शन चालू आहे, घर बांधून झालं आहे, मुलं मार्गी लागली आहेत, त्याला त्या शाळेत वीस हजार. जिचं अख्खं आयुष्य पुढं आहे, जी चाचणी देऊन गुणवत्तेनं आली, तिला त्याच शाळेत सोळा. माझे दोन मित्र गेले त्या नोकरीवर. एक म्हणाला, "घरी बसून काय करणार?" मी त्या वेळी सत्तरी ओलांडली होती म्हणून वाचलो. नाहीतर मीही गेलो असतो, खोटं कशाला बोलू. आणि रविवारी कट्ट्यावर येऊन 'या पिढीत सेवाभाव नाही' असंही म्हटलं असतं.

सेवाभाव! हा शब्द मी आता वापरायचा नाही असं ठरवलं आहे. मी १९७५ साली नोकरीला लागलो. अर्ज केला, मुलाखत झाली, दुसऱ्या दिवशी शाळेत. कुणाला एक रुपया दिला नाही. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला आणि आमची नोकरी पक्की झाली. संस्थाचालकाच्या मर्जीवर काढून टाकता येईना. मग एकामागून एक वेतन आयोग. निवृत्तीनंतर पेन्शन, जी नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तशी राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये त्यासाठीच तर संप झाला. मी चौतीस वर्षं मन लावून शिकवलं, हे माझे विद्यार्थी सांगतील. पण ती सेवा मी पहिल्या तारखेच्या पगारावर केली. पोट भरलेल्या माणसाचा सेवाभाव आणि तासिकेवरच्या पोरीकडून मागितलेला सेवाभाव यांना एकच नाव देणं हा लबाडपणा आहे.

आणि हेमलकसा. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी १९७३ पासून तिथं जे उभं केलं त्यापुढं मी डोकं टेकवतो. १९७६ मध्ये त्यांनी तिथं शाळा काढली, त्या शाळेतून माडिया मुलं डॉक्टर, वकील झाली. पण त्यांचं नाव घेऊन जो दुसऱ्याच्या मुलीला फुकट राबायला सांगतो, त्याला मी विचारतो, बाबा रे, तुझा मुलगा कुठं आहे? बहुतेकांचा पुण्यात असतो. काहींचा अमेरिकेत. त्यांना कुणी भामरागडचा रकाना दाखवला नव्हता. संतपण हा काही भरतीचा नियम होऊ शकत नाही. शाळेला हजारांत एक संत लागत नाही. रोज अकराला येणारा आणि महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा साधा मास्तर लागतो.

तिसरी गोष्ट बेटांची. हा मुद्दा मला पोरीच्या पानानंच शिकवला.

मालदीवमध्ये बाराशेच्या आसपास बेटं. त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. कित्येक बेटांवर हजारसुद्धा माणसं नाहीत. जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा सरासरी दीड मीटर उंच. तरी वस्ती असलेल्या जवळजवळ प्रत्येक बेटावर सरकारी शाळा आहे. स्वतःचे शिक्षक पुरत नाहीत म्हणून ते सरकार भारतातून बोलावतं, आणि हे कित्येक वर्षांपासून चाललं आहे. माध्यमिकचे विषय शिकवणाऱ्यांत आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. बोट बदलत, विमान बदलत दोन हजार किलोमीटरवरून माणूस आणायचा, त्याला राहायला द्यायचं, पण बेटावरचं मूल शाळेवाचून ठेवायचं नाही. एवढा त्यांचा हिशोब सरळ आहे.

आता आपली बेटं बघा. आपल्याकडेही बेटं आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दर वर्षी बातमी येते, दर वर्षी आपण ती वाचतो. त्या पलीकडचे टोले, पाडे, आठ-दहा घरांची गावं, ती जुलै-ऑगस्टमध्ये बेटंच असतात. तिथल्या शाळेचं आपण काय केलं? २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायला काढल्या. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढं आला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर. कागदावर हिशोब चोख दिसतो, वीस मुलांना दोन शिक्षक परवडत नाहीत. पण जंगलातल्या रस्त्यानं सहा वर्षांचं पोर दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल कसं? आमच्या ब्रह्मपुरी वन विभागात वाघ किती आणि माणसं किती मेली हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. मोहफुलं वेचायला पहाटे बाहेर पडणारा मोठा माणूस जिथं परत येत नाही, तिथं पहिलीच्या मुलीला दोन किलोमीटर चालायला सांगता? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्काचे नियम सांगतात.

तुम्ही म्हणाल, मालदीवचा देश छोटा, पर्यटनाचा पैसा, आपली तुलना कशी करता? बरोबर आहे. पण पैसा नाही हे महाराष्ट्रानं म्हणू नये. आणि पैशाचंच म्हणाल तर, मन असलं तर आपलं सरकार काय करू शकतं तेही पाहिलंय. २००२ पासून आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. त्यामुळं कितीतरी चांगले शिक्षक धानोऱ्याला, एटापल्लीला टिकले. मी त्यांना ओळखतो. पण ज्याला मानधन आहे त्याला वेतनश्रेणीच नाही. मग तिचा एक स्तर वाढणार कसा? म्हणजे माणसं आणायचा रस्ता ठाऊक होता, आणि तो आपण नव्या पिढीसाठी बंद करून टाकला.

उलट निर्यातीचा रस्ता मात्र रुंद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल माणसं पाठवायची. त्यांना जर्मन शिकवायच्या कामाला शालेय शिक्षण विभागच लागला. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पोरांनी जावं. पण जर्मनीला माणूस पाठवायला सरकारला तक्ता करता येतो, त्यात भाषा, घर, पगार, तिकीट सगळे रकाने भरता येतात. भामरागडला पाठवायचा तक्ता मात्र माझ्या पुतणीनं माझ्या टेबलावर केला आणि तो रिकामा राहिला.

कुणी म्हणेल, जंगलातल्या लोकांनाच शाळा नको आहे. हेही खोटं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. परवानगी नाही म्हणून त्यांनाच नोटिसा गेल्या. गाव शाळा मागतं आणि सरकार कागद मागतं.

आता चौथी गोष्ट. ही लिहायची की नाही, यात दोन दिवस गेले.

नव्वदीच्या दशकात मी एका शाळेत वरिष्ठ होतो. विज्ञान शिक्षकाची जागा होती. निवड समितीत माझंही नाव होतं. समोर बारा उमेदवार आले. त्यातला एक गडचिरोलीकडचा गोंड मुलगा, त्या दिवशी सर्वात चांगला पाठ त्यानं घेतला. फळ्यावर नांगराच्या फाळाचं चित्र काढून त्यानं दाब म्हणजे काय ते समजावलं. मी शेवटच्या बाकावर बसून पाहत होतो आणि मनात त्याला नेमून मोकळा झालो होतो. जेवणाच्या सुट्टीत मला सांगण्यात आलं की जागा ठरलेली आहे, तुम्ही सही करा. 'इमारत निधी' असं त्या रकमेचं नाव होतं. किती होती ते मला कळलं नाही, मी विचारलं नाही. मी सही केली. दोन मुलींची शिक्षणं व्हायची होती, मुख्याध्यापकपद जवळ आलं होतं. कारणं सगळी खरी होती आणि सहीही खरी होती.

तो मुलगा पुढं कुठं गेला मला ठाऊक नाही. पण आज जेव्हा मी म्हणतो की जंगलातल्या शाळेला शिक्षक मिळत नाही, तेव्हा ते सोयीचं वाक्य आहे. मिळत होता. माझ्यासमोर हातात खडू घेऊन उभा होता. आम्ही त्याला परत पाठवला. असे किती कट्ट्यांवरचे किती गुरुजी किती कागदांवर सह्या करून निवृत्त झाले, याचा हिशोब एकदा मांडला पाहिजे. भामरागडचा रकाना सरकारनं एकट्यानं रिकामा केला नाही. त्यावर आमच्याही सह्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की, ज्या गावानं तिला जागा दिली नाही त्या गावाला तिला थांबवायचा अधिकार नाही. 'देश सोडून चाललीस' असं तिला म्हणायचं तर आधी सांगा की तिनं कोणत्या दरवाजातून आत यायचं होतं. आमच्या पिढीतही लोक गेले होते. इथिओपियात गेले, पुढं नायजेरियात गेले. माझा एक सहकारी गेला, चार वर्षांनी परत आला, त्याच्या सत्काराला आम्ही हार घेऊन उभे होतो. पुरुष गेला की पराक्रम आणि मुलगी निघाली की सेवाभाव आठवतो, हा काय न्याय झाला?

असो. शेवटी पोरीच्या प्रश्नाकडे येतो, कारण शुक्रवार जवळ आला आणि तिला भाषण नको होतं, उत्तर हवं होतं.

मी तिला म्हटलं, समुद्र कोणता हे नंतर विचार. आधी तीन गोष्टी विचार. शिकवणार कुणाला? परत येताना सोबत काय आणणार? आणि करार मोडला तर तुझ्या हातात काय राहील?

सलालात मुलं आपलीच. अभ्यासक्रम ओळखीचा, पुस्तकं ओळखीची, पहिल्या दिवसापासून काम सुरू. आपली माणसं भरपूर, एकटं वाटणार नाही. पण तिथं तू नवीन काही शिकणार नाहीस. आणि आखातात व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, हे विसरू नकोस.

हिताधूला मुलं परक्या भाषेची. तू इंग्रजीत सांगणार, ती मनात धिवेहीत ऐकणार. तुला रोज कळेल की आपण बोललेलं पोचलं नाही. मग चित्र काढशील, हातानं करून दाखवशील, त्यांचे दहा-वीस शब्द शिकशील. माशाच्या पोहण्यावरून तरंगण्याचा नियम सांगशील. हे जे शिकशील ना, ते माडिया मुलांसमोर उभं राहायला लागतं. आमच्यातल्या फार थोड्यांना ते आलं. आम्ही पुण्याच्या पुस्तकातली मराठी त्यांच्यासमोर वाचली आणि पोरं गप्प बसली की त्यांना मंद म्हटलं.

तोटेही सांगितले. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, देव्हारा इथंच ठेवून जावं लागेल. तिची आई यावर दोन दिवस बोलली नाही. गेल्या काही वर्षांत दोन देशांत कुरबुरी झाल्या, २०२४ च्या सुरुवातीला तर बऱ्याच. त्यात डॉलरची टंचाई, घरी पैसे पाठवायच्या मर्यादा घटत गेल्या. तेव्हा पगाराचा आकडा बघू नकोस, घरी किती पाठवता येईल ते लेखी विचार. करार इंग्रजीत असला तरी माझ्यापुढं बसून ओळीनं वाच. मध्यस्थाला एक रुपया द्यायचा नाही. पासपोर्ट कुणाच्या हातात ठेवायचा नाही. आणि इथली अनुभवाची प्रमाणपत्रं आधी शिक्क्यासह घेऊन ठेव, कारण सहा वर्षांच्या तासिकांचं प्रमाणपत्र द्यायलाही इथं चपला झिजवाव्या लागतात.

"मी तर हिताधू म्हणेन," मी म्हटलं. "तीन वर्षं कर आणि परत ये. मग भामरागडला तुझ्यासारखी शिक्षिका दुसरी नसेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मोठेबाबा, परत येऊन कुठं? जागा कुठं आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चहा घे म्हणालो.

काल तिनं हिताधूला होकार कळवला. माझ्या सांगण्यावरून नाही, तिचं तिनं ठरवलं. तिचं कारण साधं होतं. तिकडच्या मुख्याध्यापकांनी पत्रात विचारलं होतं की प्रयोगशाळेत तुम्हाला काय काय लागेल, यादी पाठवा. "सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. आता घरात बांधाबांध चालू आहे. तिची आई जवसाची चटणी करते आहे आणि मध्येच डोळे पुसते आहे.

माझ्या वाट्याला जे काम आलं ते मी करणार आहे. पुढच्या रविवारी निवृत्त शिक्षकांची बैठक आहे. विषयपत्रिकेवर महागाई भत्त्याची थकबाकी आहे. ती होईलच. त्याआधी मी चार ठराव मांडणार आहे. एक, पेन्शन घेणाऱ्यानं कंत्राटी जागा घेऊ नये, ती तरुणांसाठी सोडावी. दोन, तासिकेवरच्या शिक्षकाला बारा महिन्यांचा मासिक पगार मिळावा, या मागणीवर आपण सगळ्यांनी सह्या कराव्यात. तीन, भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा इथं शिक्षकांना राहायला घरं बांधावीत, आणि गोंडी-माडिया येणाऱ्या शिक्षकाला जास्तीचा पगार द्यावा. चार, निवड समित्यांवर बसलेल्या आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी डोळे मिटून सही केली, त्यांनी तसं उभं राहून सांगावं.

पहिल्या तीन ठरावांना बहुधा टाळ्या मिळतील. चौथ्याला कुणी अनुमोदन देणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मी तिथं आधी माझंच सांगणार. नांगराच्या फाळाचं चित्र काढणाऱ्या त्या मुलाचं. पोरीचं ते तीन रकान्यांचं पान मी तिच्याकडून मागून घेतलं आहे. बैठकीत ते भिंतीवर लावणार.